पहिलं बरं की दुसरं

चष्मेवाल्याचं असं ठाम मत होतं की जगात दोनच प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना नीट दिसत नाही ती. आणि दुसरी, आपल्याला नीट दिसत नाही हे ज्यांना ठाऊक नाही ती. स्वतःला तो दोन्हींत धरत नसे. चाळिशी उलटली तरी त्याच्या नाकावर चष्मा आला नव्हता आणि या गोष्टीचा त्याला उगाचच अभिमान होता.

तर अशा या सर्वज्ञाला कोर्टानं शाळेत घातलं.

झालं असं, की चष्मेवाला आणि त्याची बायको वेगळे राहू लागून वर्ष उलटून गेलं होतं. घटस्फोटाचा दावा चालू होता. दोघांच्या मध्ये नऊ वर्षांची मुलगी. लहानपणी गालात घास धरून बसायची म्हणून तिला खारू म्हणायचे, आणि या नावानं तिला हाक मारणारी माणसं जगात दोनच होती. खारू आईकडे राहायची, शनिवारी बापाकडे यायची. आता तिच्या शाळेला मोठी सुट्टी लागणार होती आणि ती सुट्टी कुणाकडे, यावरून दोघं इतके भांडले की दोन्हीकडचे वकीलसुद्धा कंटाळले. वकील सहसा दुसऱ्यांच्या भांडणाला कंटाळत नाहीत, त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो.

न्यायाधीशबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. फ्रेम डावीकडे कलली आहे हे चष्मेवाल्यानं तेवढ्यातही पाहून घेतलं. मग बाई म्हणाल्या की वेगळं होणाऱ्या आईबापांसाठी एक ऑनलाइन कोर्स आहे, तो दोघांनी आपापल्या घरी बसून पुरा करायचा. पुढच्या तारखेच्या आत सुट्टीची वाटणी आपसांत ठरवून आणायची. नाही ठरली, तर त्या मुलीला आत बोलावून तिलाच विचारतील.

चष्मेवाल्याला वाटलं, विचारा की. माझी मुलगी आहे, माझंच नाव घेईल. तिकडच्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या आईलाही नेमकं हेच वाटलं. वर्षभरात दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, पण ती त्यांना कळली नाही.

दुकान दुपारी बंद असायचं. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र, फ्रेमांचे खोके, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि समोर तपासणीची फिरती खुर्ची. त्या खुर्चीवर बसून चष्मेवाल्यानं लॅपटॉप उघडला आणि तोंडानं पुटपुटत पहिला धडा चालू केला. बाप कसं व्हायचं हे आता मला यंत्र शिकवणार, असं काहीतरी तो पुटपुटत होता. तेवढ्यात यंत्र बोललं.

"नमस्कार. तुम्ही इथे आलात, हेच पहिलं पाऊल आहे. डोळे मिटा, एक दीर्घ श्वास घ्या."

चष्मेवाल्यानं डोळे मिटले नाहीत. त्यानं लॅपटॉप मिटला. तो आवाज त्याच्या बायकोचा होता.

त्यात तसं नवल नव्हतं. खारूची आई आवाजावरच जगायची. लिफ्टमध्ये मजला सांगणारी ती, आणि बँकेला फोन केला की 'कृपया थोडा वेळ थांबा' म्हणणारीही तीच. वेगळं झाल्यावर चष्मेवाल्यानं बँक बदलली. महिन्याभरात नव्या बँकेतूनही ती त्याला थांबायला सांगू लागली. पण बँक निदान दुसरीकडे न्यायची सोय होती, हा कोर्स कोर्टाचा होता. त्यात धडा पुढे पळवायची सोय नव्हती. प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न यायचा, उत्तर चुकलं की धडा पुन्हा पहिल्यापासून.

त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला. संसारात जे कधी जमलं नव्हतं ते कोर्टानं जमवून आणलं. नवरा बायकोचं बोलणं मध्ये तोंड न घालता शेवटपर्यंत ऐकू लागला.

आवाज मऊ होता, समजूतदार होता, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. मुलांच्या हाती निरोप धाडू नका, असं ती त्याला सांगत होती. हिनं सांगावं? शनिवारी सकाळी खारूला आणताना रस्त्याच्या त्या टोकाला आई थांबायची, या टोकाला दुकानाच्या पायरीवर बाप, आणि मधला सगळा रस्ता पाठीवर दप्तर घेऊन खारू एकटी चालायची. दप्तरातून वह्या निघायच्या आधी तिच्या तोंडून निरोप निघायचे. आई म्हणाली, मागच्या वेळचा स्वेटर परत दे. बाबा म्हणाला, आधी माझी छत्री पाठव म्हणावं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, चष्मेवाला मनात म्हणाला. म्हणीचा पुढचा अर्धा भाग स्वतःलाही लागू पडतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या धड्यात चुकीच्या वागण्याचे नमुने होते. छोटासा प्रसंग ऐकवायचा आणि मग विचारायचं, यात काय चुकलं? एका प्रसंगात आई मुलीला बापाकडे पाठवत होती. आईचं कामही खारूच्या आईनंच केलं होतं.

"जा, खारू. मजा कर तू तिकडे. मी बसते इथे भिंतींशी बोलत. माझं काय, मला आता सवय झाली आहे."

चष्मेवाला ताठ झाला. त्यानं प्रसंग पुन्हा ऐकला. खारू. कोर्स लिहिणाऱ्याला हे नाव कुठून माहीत असणार? हे नाटक नव्हतं. हे ती घरी बोलत होती, रोज बोलत असणार, आणि तेच सवयीनं तोंडातून निसटलं होतं. त्याच्या अंगावर आनंदाचा काटा आला. खरं तर त्या वाक्यात त्याच्या पोरीला कोपऱ्यात ढकललेलं होतं आणि बापाला आधी पोरीचं वाईट वाटायला हवं होतं. ते त्याला वाटलं नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्याला वाटलं, सापडली.

त्यानं तो तुकडा मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला आणि वकिलाला फोन लावला. वकिलानं ऐकलं आणि सांगितलं की याला कोर्टात कुणी विचारणार नाही, पैसे घेऊन केलेलं नाटक आहे ते. मुलगी स्वतःहून असं म्हणाली तर गोष्ट वेगळी. पण तिच्या तोंडून वदवून घेऊ नका, अंगाशी येईल. यातलं मधलं वाक्य चष्मेवाल्यानं नीट ऐकलं. शेवटचं त्याच्या कानावर पडलं, एवढंच म्हणता येईल.

शनिवारी खारू आली. तिला मागची खोली आवडायची. फिरत्या खुर्चीवर बसून ती आधी भरपूर गिरक्या घ्यायची, मग बाप तिच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवायचा आणि दोघांचा खेळ चालू व्हायचा. एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं?

या प्रश्नाची चष्मेवाल्याला एक गंमत ठाऊक होती. मोठी माणसंही त्याला घाबरतात. दोन्हींतून सारखंच दिसत असलं तरी सारखं म्हणायला कचरतात, आपण नापास होऊ असं त्यांना वाटतं, आणि मग काहीतरी एक ठोकून देतात. चष्मेवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावायचा, की अहो, सारखं दिसलं तर सारखं म्हणा, मी त्याच उत्तराची वाट बघत असतो. सारखं म्हणालात की तुमचा नंबर सापडला, तपासणी संपली. आणि दुसरी गोष्ट त्याला ठाऊक होती ती मुलांची. लहान मुलं तक्ता वाचत नाहीत, तपासणाऱ्याचं तोंड वाचतात. तुम्हाला कुठलं उत्तर हवं आहे ते तुमच्या भुवयांवरून ओळखतात आणि तेच देतात. म्हणून मुलांना तपासताना तो तोंड भिंतीकडे करायचा आणि आईबापांना खुर्चीच्या मागे उभं करायचा. आपल्या या हुशारीच्या गोष्टी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

त्या शनिवारी त्यानं तोंड भिंतीकडे केलं नाही. खेळ चालू असताना मध्येच त्यानं मोबाइल काढला, म्हणाला की आता एक कानांची तपासणी, आणि तो तुकडा लावला.

खुर्ची फिरायची थांबली.

"आई असं म्हणाली होती का तुला? खरं सांग, मी रागावणार नाही."

खारूनं त्या जाड काचांमधून बापाकडे पाहिलं. काचांमुळे तिचे डोळे होते त्याहून मोठे दिसत होते.

"म्हणाली होती."

"एकदा, की नेहमी?"

ती त्याच्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नेहमी."

हे दुसरं उत्तर कुठून आलं ते दुकानातल्या कुठल्याही मुलाच्या बाबतीत चष्मेवाल्यानं चटकन ओळखलं असतं. पण आपला तो बाब्या. तो खूश झाला. त्यानं तिला जवळ घेतलं, सांगितलं की न्यायाधीशबाई फार चांगल्या आहेत, त्यांनी विचारलं की एवढंच बोलायचं, खरं तेच तर सांगायचं आहे. खारूनं विचारलं, आईला शिक्षा होईल का? छे, शिक्षा कसली, तो म्हणाला, नुसतं विचारतात. मग त्यानं ते वाक्य तिच्याकडून एकदा म्हणून घेतलं, आणि नीट आलं नाही म्हणून आणखी एकदा.

खारूनं फ्रेम काढून डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि घरी जाऊ या का, असं विचारलं. कुठल्या घरी ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी ती रस्त्यावरून येताना हळू चालत होती. पायरीवर उभ्या बापाला वाटलं, पायात काही रुतलं असेल. जवळ आल्यावर तिनं निरोप सांगितला. आई म्हणाली, खारूचे डोळे तपास. शाळेत फळ्यावरचं दिसत नाही, बाईंनी पहिल्या बाकावर बसवलं तरी दिसत नाही.

चष्मेवाल्याला काळजी वाटली, नाही असं नाही. पण काळजीच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलंच. आली का शेवटी माझ्याकडे? त्यानं रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. खारूची आई अजून तिथेच उभी होती, नेहमीसारखी लगेच वळली नव्हती. मोबाइल देऊन बसवत असेल तासन् तास, असं म्हणून तो आत गेला.

खारूनं वरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचलं. त्याखालची ओळ अडखळत वाचली. तिसऱ्या ओळीवर म्हणाली, दिसत नाही. त्यानं एक काच लावली, दुसरी लावली, चढता नंबर लावला, उतरता लावला. दिसत नाही. विजेरीनं डोळे आतून पाहिले, स्वच्छ होते. मग त्यानं खुर्ची तक्त्याच्या अगदी जवळ ओढली. जवळून तरी आणखी एक ओळ दिसायला हवी. पण खारू बरोबर त्याच ओळीवर थांबली.

हे असं का होतं ते त्याला ठाऊक होतं. त्यानं खणातून दोन साध्या काचा काढल्या. खिडकीच्या तावदानाला असतो तेवढाच त्यांना नंबर, म्हणजे काहीच नाही. त्या फ्रेममध्ये बसवत तो म्हणाला की हा एक खास नंबर आहे, सहसा कुणाला लागत नाही, यातून बघ बरं. आणि या वेळी तोंड भिंतीकडे करून उभा राहिला.

खारूनं तिसरी ओळ वाचली. चौथी वाचली. शेवटची, बारीक, भल्याभल्यांना न दिसणारी ओळही वाचली, आणि त्याच्याखाली कोपऱ्यात तक्ता बनवणाऱ्या कारखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं.

अशी मुलं त्याच्याकडे अधूनमधून यायची. डोळ्यांत काही दोष नसायचा आणि खोटंही बोलत नसायची, त्यांना खरोखरच दिसेनासं झालेलं असायचं. साध्या काचेतून सगळं वाचायची. मग चष्मेवाला त्यांच्या आईबापांना बाजूला घ्यायचा, आवाज खाली आणून विचारायचा, घरात काही ताण आहे का? आईबाप एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, छे हो, कसला ताण. ते गेले की तो मनाशी हसायचा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता बाजूला कुणाला घ्यायचं?

"खारू," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "हे केव्हापासून दिसेनासं झालं?"

"माहीत नाही."

बराच वेळ ती खुर्चीच्या हातावरची सुटलेली शिवण बोटानं आत ढकलत बसली. मग तिनं विचारलं.

"बाबा, ज्यांना दिसत नाही त्यांनाही कोर्टात आत बोलावतात का?"

चष्मेवाल्याला वळता आलं नाही. वळला असता तर तिनं त्याचं तोंड वाचलं असतं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की आपलीच जीभ दातांखाली धरून चावावी असं वाटलं. त्यानं कसंबसं सांगितलं की डोळे ठीक आहेत, होईल बरं, तू बाहेर बसून चित्र काढ.

ती बाहेर गेली. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला. राहिलेला धडा चालू झाला. त्यातही एक प्रसंग होता. कुणीतरी पुरुष कामाच्या सुरात बोलत होता. तुझी आई असं म्हणाली का? खरं सांग, मी रागावणार नाही. मग मुलीचा बारीक आवाज, हो, म्हणाली. ते काही त्याच्यावर बेतलेलं नव्हतं, तो अख्खा शनिवार अजून घडायचा असतानाच कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं. म्हणजे हे सगळेच बाप करत असणार. त्यानं काही त्याला बरं वाटलं नाही. नंतर बायकोच्या आवाजानं त्याला विचारलं, की मुलीनं दिलेलं हे उत्तर नेमकं कुणाचं आहे? मुलीचं, आईचं, की विचारणाऱ्याचं?

त्यानं शेवटच्यावर बोट ठेवलं. "बरोबर," ती मऊपणे म्हणाली. "आता पुढे चला."

बरोबर उत्तर देऊन एवढं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्यानं फोन उचलला. वर्षभर दोघं एकमेकांशी वकिलांमार्फत किंवा खारूमार्फत बोलत होते, त्यामुळे नंबर दाबताना तो दोनदा थांबला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला आणि हॅलोही न म्हणता विचारलं, "काय झालं तिला?"

"डोळे ठीक आहेत. साध्या काचेतून सगळं वाचलं तिनं."

इतकी वर्षं चष्मेवाल्याच्या घरात काढलेल्या बाईला साधी काच म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. इथे थांबला असता तरी चाललं असतं. घरात काही ताण आहे का, हा प्रश्न त्याच्या जिभेच्या टोकावर तयार होता आणि तो विचारला असता तर सगळा दोष अलगद तिच्या पदरात पडला असता. मोह झाला, खरंच झाला.

पण बाहेर खारू पेन्सिलला टोक करत होती, त्याचा आवाज येत होता. त्यानं सगळं सांगितलं. तो तुकडा रेकॉर्ड केला ते, मुलीला ऐकवला ते, तिच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं ते. सांगताना त्याला कळत होतं की आपण आपल्याच हातानं तिच्या वकिलाला काठी देतो आहोत. हे कोर्टात गेलं तर सुट्टी राहिली बाजूला, शनिवारही जातील.

"तू तिला ते ऐकवलंस?" ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ती आली ती तासाभरानं. रस्त्याच्या टोकाला थांबली नाही. सगळा रस्ता चालत दुकानाच्या पायरीपर्यंत आली आणि आत शिरली. खारू चित्रावरून डोकं न उचलता दोघांकडे बघत होती. मुलांना वाटतं, असं बघितलेलं मोठ्यांना कळत नाही. आई तिच्या केसांवरून हात फिरवून मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

चष्मेवाला मार खायच्या तयारीनं उभा होता. पण ती फिरत्या खुर्चीवर बसली आणि तक्त्याशी बोलावं तशी बोलू लागली.

"त्या कागदावर खारू नव्हतं. 'बाळा' होतं. दिग्दर्शक म्हणाला, जरा घरच्यासारखं बोला. मी कपाटात बसून रेकॉर्ड करते, रजयांमध्ये. त्या दिवशी सकाळीच तिला तुझ्याकडे पाठवलं होतं. तोंडात जे होतं ते आलं. तो म्हणाला, वा, अगदी खरं वाटतं."

चष्मेवाल्यानं उघडा राहिलेला लॅपटॉप मिटला.

"कोर्स मलाही करावा लागतो आहे. स्वतःचाच आवाज ऐकत. त्या प्रसंगाला प्रश्न आला, यात आईचं काय चुकलं, तर माझं उत्तर चुकलं. माझंच! पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं मला." ती हसायला गेली आणि ते हसू नीट झालं नाही. "आणि ऐक. तिला पाठ करून घेणारा तू एकटा नाहीस. बाबा दिवसभर दुकानात बसवून ठेवतो, मला कंटाळा येतो, असं सांग म्हटलं होतं मी. रोज जेवताना म्हणून घेत होते."

"येतो का तिला कंटाळा?"

"तुझं दुकान आवडतं तिला. घरी बाहुल्यांचे डोळे तपासत असते."

दोन वाक्यं. एक बापानं दिलेलं, एक आईनं दिलेलं, दोन्ही चोख पाठ. ती दोन्ही घेऊन पोर रोज शाळेत जात होती, फळ्याकडे बघत होती. चष्मेवाला फ्रेमांच्या खोक्यावर बसला. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. बायकोनं त्याचं सांत्वन केलं नाही. तिला स्वतःचंच पुरेसं झालं होतं.

मग सुट्टीचं बोलणं झालं, आणि ते काही गोड झालं नाही. तो म्हणाला, सगळी सुट्टी तुझ्याकडे राहू दे, तिला आत बोलवायला नको. ती म्हणाली, उपकार नकोत. तो म्हणाला, उपकार कुठे करतो आहे. आवाज चढायला लागले तशी बाहेर पेन्सिल थांबली. दोघांनाही ते ऐकू आलं आणि दोघंही गप्प बसले. त्यानंतर खालच्या आवाजात जी वाटणी ठरली तीत चष्मेवाल्याकडे धाकटा तुकडा आला आणि त्यानं तो घेतला. मोबाइलमधला आवाज त्यानं तिच्यासमोर पुसून टाकला. ती म्हणाली, हे मी विसरणार नाही, आणि वकिलाला सांगायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. सांग, तो म्हणाला. त्याला भीती वाटत होती, पण दुसरं काही म्हणण्याजोगं त्याच्यापाशी नव्हतं.

त्यांनी खारूला आत बोलावलं. सांगायचं दोघांनी मिळून असं ठरलं होतं, पण कुणी आधी बोलायचं ते ठरलं नव्हतं, त्यामुळे दोघं एकदम बोलले, एकदम थांबले, आणि शेवटी आईनं सांगितलं. सुट्टीचं आमचं ठरलं आहे. तुला कोर्टात कुणी काही विचारणार नाही. आम्ही शिकवलेलं ते सगळं विसरून जा.

"दोन्ही?" खारूनं विचारलं.

"दोन्ही," बाप म्हणाला.

तिचा विश्वास बसला असं दिसलं नाही. बसावा तरी का? तिनं खुर्चीला एक अर्धी गिरकी दिली, मग म्हणाली की बाबा, डोळे परत तपास. त्यानं फ्रेम चढवली. बायकोला खुर्चीच्या मागे उभं केलं, तिथेच आईबापांची जागा असते, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करायला गेला.

"नको," खारू म्हणाली. "इकडे बघून."

मग त्यानं तिच्याकडे बघत तपासलं. आधी साध्या काचा घातल्या. मग काढून नुसती रिकामी फ्रेम ठेवली. "पहिलं बरं की दुसरं?"

खारूनं तक्त्याकडे पाहिलं. बापाच्या कपाळाकडे पाहिलं, मान मागे टाकून उलट्या दिसणाऱ्या आईकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. तिला घाई नव्हती.

"दोन्ही सारखंच दिसतं," ती अगदी हळू म्हणाली.

सारख्या उत्तराचं महत्त्व चष्मेवाल्यानं आजवर अख्ख्या गावाला समजावलं होतं. पण आता पोरीला समजावायची पाळी आली. तो नुसती मान हलवत राहिला. खारूला वाटलं, चुकलं. तिनं फ्रेम दोन्ही हातांनी नाकावर घट्ट धरली.

"असं म्हटलं तर चालेल?" तिनं विचारलं. "दोघांनाही?"

चष्मेवाल्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्याच्याकडे. उत्तर दोघांनी एकदम द्यायला हवं होतं, आणि त्याची सवय दोघांनाही नव्हती.